लोअर केलेला पिकअप डावीकडे कलतो: कामाच्या नोंदी

गाडीची मांडणी आधी सांगतो, म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. जुना पिकअप, शिडीसारखी चासी. पुढे वर-खाली दोन आर्म आणि खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). पाटे एक्सलच्या खालून जातात आणि दोघांमध्ये ५० मिमीचे लोअरिंग ब्लॉक (गाडी खाली आणणारे ठोकळे) आहेत. पुढे आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली घेतली आहे. हे सगळं माझ्याकडे येण्याआधी झालेलं. डावा-उजवा म्हणताना गाडीत बसून पुढे बघितल्यावरचा धरायचा.

११ जानेवारी

तक्रार एकच. पुढचं डावं चाक मडगार्डमध्ये घुसल्यासारखं दिसतं. ज्याने बघितलं त्याने एकच उपाय सुचवला: पुढच्या डाव्या स्प्रिंगखाली स्पेसर (उंची वाढवणारी चकती) टाक आणि मोकळा हो. काही विकत घेण्याआधी मोजायचं ठरवलं.

चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. पुढे डावी बाजू १८ मिमी कमी, मागे २० मिमी कमी. म्हणजे नजरेला पुढचा कोपरा खटकतो, पण टेपवर मागचा फरक मोठा. इथेच शंका आली की टेप खोटं बोलतोय, नाहीतर जमीन.

१२ जानेवारी

जमीनच. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घेतला, पाणी भरलं, बुडबुडे काढले आणि चारही चाकं जिथे टेकतात त्या जागा तपासल्या. फरशीला एका बाजूला उतार होता, त्याने फार बिघडत नाही. चारही जागा एकाच तिरक्या पातळीत असतील तर स्प्रिंगांना ते जवळपास कळतही नाही. अडचण पिळाची असते, म्हणजे एखादीच जागा त्या पातळीतून वर-खाली असण्याची. पुढच्या डाव्या चाकाखाली ७ मिमीचा खळगा निघाला. ते चाक खळग्यात उतरतं, मडगार्डपासूनचं अंतर वाढतं आणि पुढचा कल खरा आहे त्याहून कमी दिसतो. मागे उलट होतं.

प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापून चाकांखाली थर लावले आणि चारही जागा एका पातळीत आणल्या. उतारही त्यातच घालवला, कारण पुढे चासीवर पाण्याची पातळी थेट वाचायची होती. फरशीवर प्रत्येक जागा रंगाने आखून ठेवली. आता गाडी दर वेळी तिथेच उभी राहणार.

१८ जानेवारी

मोजण्याआधी: चारही टायरची हवा थंड असताना सारखी केली, हौद्यातली हत्यारांची पेटी काढली (ती डावीकडेच होती), टाकी अर्धी ठेवली. पेट्रोलची ६० लिटरची टाकी भरली की साधारण ४५ किलो वजन होतं आणि या गाडीत टाकी डाव्या बाजूला आहे. एकदा टाकी भरून आणि एकदा रिकामी असताना मोजलं तर निम्मं काम आकड्यांचा पाठलाग करण्यात जातं.

मडगार्डचा फरक: पुढे २२, मागे १७. डावी बाजू खाली.
साइड मेंबरचा (चासीच्या दोन लांब दांड्यांचा) फरक, लेव्हल पाइपने: पुढे ८, मागे ९. डावी बाजू खाली.

२२ आणि ८ या आकड्यांची थेट तुलना करायची नाही. साइड मेंबर एकमेकांपासून ८०० मिमीवर आहेत, मडगार्डच्या कडा १६०० मिमीवर. तेवढ्याच कलात मडगार्डवर दुप्पट फरक दिसणार. चासीवरचे ८ म्हणजे मडगार्डवर १६. मोजमाप २२ आलं, तर वरचे ६ मिमी सस्पेन्शनचे नाहीतच. ते चासी आणि बॉडीच्या मध्ये कुठेतरी आहेत. मागे ९ चे १८ व्हायला हवेत, १७ आले. पाण्याच्या पाइपवर १ मिमीची चूक गृहीतच धरायची, म्हणून मागचा हौदा चासीवर सरळ बसलाय असं मानलं.

स्पेसर टाकला असता तर बॉडीचे ६ मिमी सस्पेन्शनमध्ये घुसवले असते. बाहेरून गाडी सरळ दिसली असती आणि चाकांवरचं वजन वाकडं झालं असतं.

१९ जानेवारी

आज घर्षण तपासलं. प्रत्येक कोपरा हाताने दाबायचा, हळूच सोडायचा आणि मोजायचं. मग तोच कोपरा उचलायचा, हळूच सोडायचा आणि पुन्हा मोजायचं. सांधे मोकळे असतील तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. मागे उजवीकडे ३ मिमीचा फरक, डावीकडे १० मिमीचा. म्हणजे मागच्या डाव्या पाट्याच्या टोकाला काहीतरी अडतंय. यापुढे प्रत्येक आकडा म्हणजे या दोन वाचनांची सरासरी. शिवाय जॅकवरून उतरवल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून मगच मोजायचं. टायर जमिनीला घासून अडकलेले असतात आणि पुढचं टोक वरच राहतं.

पुढच्या स्टॅबिलायझर बारची (गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या दांड्याची) एका बाजूची लिंक सोडली. बोल्ट हाताने बाहेर आला नाही, बारमध्ये ताण होता. लिंक सुटल्यावर कल ८ वरून ९ वर गेला. बारमुळे गाडी वाकडी होत असती तर कल कमी झाला असता. इथे बार उलट गाडीला सरळ धरत होता. लिंक परत लावली.

२५ जानेवारी

आता मूळ प्रश्न: कल पुढून येतो की मागून? चासी ताठ असल्यामुळे एक टोक वाकडं असलं की दुसरंही त्याच्या मागे जातं. चार पायांच्या टेबलाचा कोणता पाय आखूड आहे हे ते उभं असताना सांगता येत नाही, तसंच हे.

युक्ती जुनी आहे. मागचा एक्सल मध्यावर एकाच जॅकवर उचलायचा, चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढाच. एक्सल त्या बिंदूवर डोलायला मोकळा झाला की मागचे पाटे चासीला ना डावीकडे ओढू शकतात ना उजवीकडे. मग जो कल उरतो तो फक्त पुढचा. नंतर पुढच्या क्रॉस मेंबरच्या मध्यावर जॅक लावून उलट. जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून गुटके आणि उचललेल्या टोकाखाली दोन्ही बाजूंना स्टँड, पण १० मिमीची फट ठेवून, म्हणजे जॅक घसरला तर गाडी स्टँडवर येईल. गाडी एका बिंदूवर उभी असताना खाली जायचं नाही. पाइप बाहेरूनच वाचता येतो.

निकाल: मागचं टोक जॅकवर असताना पुढचा एकट्याचा कल ९. पुढचं टोक जॅकवर असताना मागचा एकट्याचा कल १५.

हे अशक्य आहे. दोन टोकं मिळून ८ मिमी कलतात, तर एकटी-एकटी दोन्ही त्याच बाजूला ८ पेक्षा जास्त कलूच शकत नाहीत. जोडीचा आकडा दोघांच्या मध्ये कुठेतरी पडला पाहिजे. काहीतरी चुकीचं मोजलं जातंय. सामान आवरलं.

१ फेब्रुवारी

दोष जॅकच्या जागेत होता. डिफरन्शियलचा गोळा सोयीचा म्हणून त्याच्याखाली जॅक घेतला होता, पण या एक्सलवर गोळा मध्यावर नाही. दोन पाट्यांच्या मधलं अंतर टेपने निम्मं केलं तर गोळ्याचा मध्य ४५ मिमी उजवीकडे. गाडीचा मागचा सगळा भार त्या बिंदूवर, म्हणजे उजवी बाजू वर ढकलली जाते आणि पुढच्या टोकाच्या माथी नसलेला दोष येतो. बऱ्याच पिकअपमध्ये गोळा असाच एका बाजूला असतो. ही चाचणी करणाऱ्याने आधी टेप लावावा.

खडूने खरा मध्य आखला. तिथे एक्सलची नळी आहे. जॅकच्या सपाट डोक्यावर नळी डोलत नाही, म्हणून मध्ये एक जाड गोल सळई गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवली आणि तिला दोन्ही बाजूंनी वेल्डिंगचे टिपके मारून एका लोखंडी पट्टीवर पक्कं केलं.

पुढचा एकट्याचा कल ३. मागचा एकट्याचा १५. जोडीचा ८. आता हिशेब जुळतो. पुढचं टोक मागच्यापेक्षा थोडं ताठ आहे, म्हणून जोडीचा आकडा ३ कडे जरा जास्त ओढलेला आहे.

म्हणजे डोळ्यांना पुढचा डावा कोपरा खटकत होता आणि गाडीला वाकडी करत होते मागचे पाटे. पुढे बॉडीचे ६ मिमी भर घालत होते, एवढंच.

८ फेब्रुवारी

मागचं उघडायला घेतलं. चासी स्टँडवर, एक्सल जॅकवर. डाव्या बाजूचे यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळून धरणारे) सोडले आणि ब्लॉक हलवताच त्याच्याखालून एक ६ मिमीची लोखंडी पट्टी निघाली. उजवीकडे अशी पट्टी नाही.

कारण लगेच कळलं. पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात पूर्ण जात नव्हतं. भोक जरा उथळ आहे. ज्याने काम केलं त्याने भोक खोल करण्याऐवजी मध्ये पट्टी घातली. पाटा एक्सलच्या खाली असलेल्या गाडीत दोघांमध्ये जे काही घालाल तेवढी ती बाजू खाली जाते. ६ मिमी सरळ डावीकडे गेले.

पट्टी काढली, ब्लॉकचं भोक ड्रिलने खोल केलं, सेंटर बोल्टचं डोकं पूर्ण बसतंय हे ब्लॉक हातात धरून आधी पाहिलं. यू-बोल्ट नवे घेतले. एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. आटे लांबलेले असतात आणि टॉर्कचा आकडा बरोबर आला तरी पकड बरोबर असेलच असं नाही. नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचने.

मागचा एकट्याचा कल १५ वरून १०. पाटे एकमेकांपासून १००० मिमीवर आहेत, साइड मेंबर ८०० वर, म्हणून ६ चे ५ दिसले. चारही चाकांवर मात्र कल ८ वरून ६ वरच आला. फक्त जोडीचा आकडा बघत बसलो असतो तर वाटलं असतं, एवढं उघडून काय मिळालं.

९ फेब्रुवारी

सगळा वेळ डाव्या शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीच्या) वरच्या बोल्टने खाल्ला. नट सुटला, बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी नळीच्या) आतल्या नळीला गंजून चिकटला होता. तेल, हातोडा, गरम करणं, काही चालेना. शेवटी बुशच्या दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने बोल्ट कापला आणि रबरासकट नळी काढली. इथे टाकी जवळ आहे, म्हणून कापण्याआधी तिच्यावर ओली गोणपाटं टाकली आणि विझवायचं साधन हाताशी ठेवलं. गरम करण्याचा प्रयत्न मात्र त्याआधीच केला होता, तोही टाकीच्या एवढ्या जवळ. ते कुणी करू नये, पहिल्यापासून कापावं.

१९ जानेवारीला डावीकडे जो १० मिमीचा अडथळा दिसला तो हाच.

१५ फेब्रुवारी

पाट्यांच्या दोन्ही टोकांचे बुश दोन्ही बाजूंना नवे घातले. एकाच बाजूचे बदलले तर नवा फरक तयार होतो.

पाट्यांच्या पुढच्या टोकाच्या जुन्या बुशांकडे बघून समजलं की गाडी लोअर करताना बोल्ट कसे आवळले होते. रबर बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते, बाहेरची पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळशात) असते आणि मधलं रबर पिळतं. गाडी जॅकवर लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबराला तीच जागा शून्य वाटते. गाडी खाली आली की ते सतत पिळलेलं राहतं आणि छोट्या स्प्रिंगसारखं काम करतं. डाव्या डोळ्यातलं रबर एका बाजूने फाटलं होतं, उजवं अजून पिळलेलं होतं आणि आपली बाजू वर धरत होतं. दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या असत्या तर गाडी निदान सरळ तरी दिसली असती.

म्हणून क्रम असा ठेवला: बोल्ट हाताने लावले, गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलली, हौद्यावर चढून चार-पाच वेळा दाबली आणि मग चाकांवर उभ्या गाडीखाली सरपटत जाऊन बोल्ट आवळले. लोअर केलेल्या गाडीखाली पाना फिरवायला जागा नसते. चारही चाकं सारख्या उंचीच्या रॅम्पवर घेतली, तेव्हा जमलं.

मागचा एकट्याचा कल ४. घर्षणाचा फरक आता दोन्ही बाजूंना ३.

२२ फेब्रुवारी

उरलेले ४ पाट्यांचे की वजनाचे? दोन्ही बाजूंचे पाटे अदलाबदल करून बघितले. आधी मोजलं की पुढच्या डोळ्यापासून सेंटर बोल्टचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे. ते वेगळं असेल तर अदलाबदल करायची नाही, एक्सल तिरका बसेल.

अदलाबदलीनंतर कल १, डावीकडेच. दोष पूर्णपणे पाट्यात असता तर गाडी उजवीकडे ४ कलली असती. म्हणजे काही भाग थकलेल्या पाट्याचा, काही भाग डावीकडच्या टाकी-बॅटरीच्या वजनाचा. थकलेला पाटा आता कमी वजनाच्या बाजूला गेलाय आणि दोघं एकमेकांना जवळजवळ खोडतात. पाटे पुन्हा कमावून घ्यायला न्यायचा विचार होता, तो रद्द. या अख्ख्या कामात बिनपैशाचा उपाय हा एकच.

पुढच्या वेळी पाटे उघडेन तेव्हा बुश घालण्याआधी ही अदलाबदल करेन. आता तेच बोल्ट पुन्हा रॅम्पवर आवळावे लागले.

१ मार्च

पुढचे ३ मिमी. डावी स्प्रिंग खाली की उजवी वर, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळे खालच्या बाजूलाच हात घालतात.

दोन्ही स्प्रिंगांचं खालचं टोक टॉर्च लावून बघितलं. खालच्या आर्मच्या वाटीत तारेचं टोक टेकायला एक खाच असते आणि तारेचा शेवट त्या खाचेत पूर्ण बसायला हवा. डावी नीट होती. उजवीचं टोक खाचेतून सरकून पायरीच्या कडेवर चढलं होतं. आखूड स्प्रिंगमध्ये हे सोपं असतं: आर्म पूर्ण लोंबकळला की स्प्रिंग जवळजवळ सैल होते आणि जॅकवरून उतरताना फिरून बसते.

स्प्रिंग सैल वाटली तरी तिच्यात ताण उरलेला असतो. चासीला साखळी बांधून ती स्प्रिंगमधून ओवली, आर्म जॅकने धरला, शॉकअप आणि लिंक सोडली, बॉल जॉइंट सोडून आर्म हळूहळू खाली घेतला. स्प्रिंग फिरवून टोक खाचेत बसवलं, आर्म वर घेताना पुन्हा टॉर्चने खात्री केली. वरचं रबराचं आसनही कापलं गेलं होतं, ते दोन्हीकडे नवं. खालच्या आर्मचे बुशचे बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर असताना परत आवळले, कारण मागे जे केलं होतं तेच पुढेही केलेलं असणार असा संशय होता. डावीकडचा बोल्ट सोडताच आर्म टचकन हलला.

स्प्रिंग आर्मच्या जवळपास मध्यावर बसते, म्हणून वाटीत १ मिमी म्हणजे चाकाशी साधारण २ मिमी. पुढे स्पेसर घेणारे हे विसरतात. २० मिमीच्या फरकासाठी २० मिमीचा स्पेसर आणतात आणि गाडी दुसऱ्या बाजूला कलते.

पुढचा एकट्याचा कल आता पाइपवर वाचता येत नाही. जोडीचा १ च्या आत. स्टॅबिलायझरची लिंक पुन्हा सोडून बघितली, बोल्ट बोटाने बाहेर आला.

८ मार्च

बॉडीचे ६ मिमी. पुढची मडगार्ड रेडिएटर सपोर्टवर बसतात आणि सपोर्ट दोन रबरांवर. डाव्या रबराखालचा वॉशर गंजून रबरात शिरला होता. दोन्ही रबर आणि वॉशर नवे. बोल्ट सोडण्याआधी बॉनेट आणि मडगार्डच्या फटी चारही बाजूंनी मोजून लिहिल्या. सपोर्ट उचलला गेला तशी डावीकडची फट बदलली आणि मडगार्डच्या मागच्या बोल्टखालचे शिम (पातळ पत्रे) काढून ती परत आणावी लागली. सपोर्टपेक्षा या फटींनीच जास्त वेळ घेतला.

मडगार्डचा फरक: पुढे २, मागे १.

१५ मार्च

अलाइनमेंट शेवटी, मध्ये करून उपयोग नव्हता. आधी डाव्या चाकाचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) उणे १.४ अंश आणि उजव्याचा उणे ०.८ होता. आता कशालाही हात लावण्याआधीच उणे १.१ आणि उणे १.०. उरलेलं शिम टाकून सारखं केलं, टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) जुळवला, स्टिअरिंग मध्यावर आणलं.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, हेडलाइट. मडगार्ड वर आलं की डाव्या दिव्याचा झोतही वर जातो. दुसरी जास्त महत्त्वाची: मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. त्याचा रॉड चासी आणि एक्सलमधलं अंतर वाचतो. गाडी लोअर केली की त्याला वाटतं हौदा भरलाय आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकामी गाडी जोरात थांबवताना मागची चाकं आधी लॉक होतात. या गाडीत रॉड मूळ जागेवरच होता. ब्रॅकेट खाली घेऊन मॅन्युअलमधलं माप जुळवलं आणि मोकळ्या जागेत कमी वेगाने ब्रेक तपासले.

१२ एप्रिल

काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत टॉर्क केले. डावीकडचे दोन नट पाव फेऱ्याच्या आसपास फिरले, उजवीकडचे हलले नाहीत. भोक खोल केलेल्या ब्लॉकवर भेग नाही.

त्याच आखलेल्या जागांवर मोजलं: चासी पुढे १, मागे १, डावीकडे. टाकी भरून ३ होतात. ते तसेच ठेवणार. हौद्यातली हत्यारांची पेटी उजवीकडे हलवली आहे.